माळवदाचे लाकूड : एका घरातून दुसऱ्या घरात

मराठवाड्यात घराचा मोठेपणा खोल्यांवरून मोजण्याची रीत नव्हती. तो खणांवरून मोजला जाई. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. गरिबाचे घर दोन खणांचे, बेताच्या शेतकऱ्याचे पाच खणांचे, पाटील-देशमुखांचा वाडा ह्याहून कितीतरी मोठा. सोयरीक जुळवताना जमीन किती आणि घर किती खणांचे, हे दोन प्रश्न बरोबरच विचारले जात. म्हणजे माणसाची पत त्याच्या डोक्यावरील लाकडात मोजली जात असे. भिंतीला दगड आणि माती गावातच मिळे. लाकूड मात्र दुरून आणावे लागे, त्यासाठी पदरचे पैसे मोजावे लागत, आणि म्हणूनच ते कधी टाकून दिले जात नसे.

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे असेच एक गाव. उत्तरेस गोदावरीचे खोरे, दक्षिणेस बालाघाटच्या रांगा. ह्या पट्ट्यातील गावांच्या जुन्या गल्ल्यांतून आम्ही हिंडतो तेव्हा एक दृश्य वारंवार दिसते. सिमेंटच्या नव्या घराशेजारी एखादे माळवद अर्धे उतरवलेले असते आणि भिंतीशी काळपट तुळयांची रास रचलेली असते. ही रास पुढे कोठे जाते? पूर्वी कोठे जात असे? आणि कोठे जावयास हवी? ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय साधा वाटेल. परंतु ह्या राशीत आपल्या घराण्यांचा जो इतिहास आहे, तो अन्यत्र क्वचितच लिहून ठेवलेला सापडतो.

काळी, पांढरी आणि सागवान

गावाच्या दोन जमिनी : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माळवद हे ह्या पांढरीचे अपत्य. काळ्या पाषाणाच्या आणि मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती; आत दगडी उथळ्यांवर उभे केलेले खांब; खांबांच्या माथ्यावर हस्त; हस्तांवर तुळई; तुळईवर ओळीने कड्या; कड्यांवर फळ्या अथवा किलच्या; त्यावर तुराट्या, पळाट्या किंवा लिंबाचा पाला; आणि सर्वांवर मातीचा जाड थर. वरचा लेप पांढऱ्या मातीचा. ही माती पाणी लवकर आत मुरू देत नाही. दर वर्षी मृगापूर्वी माळवदावर नवी पांढरी माती टाकून गळती बंद करण्याचा प्रघात होता. ह्या प्रघातातच पुढच्या एका अनर्थाचे बीज होते. त्याकडे आम्ही पुढे वळू.

लाकूड दोन प्रकारचे असे. शिवारातील बाभूळ, लिंब, आंबा, जांभूळ ही घरची लाकडे. बाभूळ औतांना आणि बैलगाडीला, लिंब चौकटीला, आंबा फळ्यांना आणि हलक्या कामाला. परंतु तुळई आणि खांब ऐपत असल्यास सागवानाचेच. परभणी जिल्ह्यात वनक्षेत्र पूर्वीपासूनच अत्यल्प. साग येई तो पूर्वेकडील किनवट-माहूरच्या रानांतून. किनवटचा मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. परभणी काय, आदिलाबाद काय, दोन्ही निजामाच्याच राज्यातील जिल्हे. गाड्यांच्या मागे गाड्या लावून, नद्या-नाले ओलांडीत हे ओंडके येत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग परभणीवरून गेला आणि दूरचे लाकूड आणणे काहीसे सुकर झाले. तरीही गंगाखेडच्या पलीकडील डोंगराळ गावांना शेवटचा टप्पा बैलांच्याच खांद्यावर पार पाडावा लागे.

असे आणलेले लाकूड सुतार तासत असे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत त्याला घुगऱ्या आणि धान्य मिळे, आणि गावातील प्रत्येक तुळई त्याच्या ओळखीची असे. जुन्या कामात लोखंडी खिळा अगदी कमी. कुसू भोकात बसवून, लाकडाच्याच खुंटीने सांधा पक्का केलेला. ह्याचे महत्त्व केवळ कारागिरीचे नव्हते. खिळ्याने जोडलेले घर मोडताना फाटते. कुसवाने जोडलेले घर उकलता येते. आपल्या पूर्वजांनी घर बांधतानाच ते एक दिवस उतरवावे लागेल, ह्याची सोय करून ठेवली होती.

लाकूड नांदते

म्हणून ह्या प्रदेशात जुने लाकूड हा शब्दच फारसा अर्थपूर्ण नव्हता. लाकूड एका घरात नांदून दुसऱ्या घरात जाई, इतकेच. भावाभावांत वाटणी झाली की खण वाटले जात. धाकट्याने आपले दोन खण उतरवून शेताकडच्या जागेत पुन्हा उभे केले, तर त्यात नवल नव्हते. तुळई लांबीला अपुरी पडली की तिची चौकट होई. चौकट झिजली की तिचा पाट, पाटाचे पुढे पाळण्याचे पाय. शेवटी जे उरे तेच चुलीत जाई.

दुष्काळात हेच लाकूड धान्य होई. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमधील कुटुंबांनी घरांच्या तुळया आणि दारे विकून पोट भरल्याच्या नोंदी आहेत. भांडी विकली तर पुन्हा घेता येतात, जनावर मेले तर दुसरे मिळू शकते. पण माळवदाची तुळई विकणे म्हणजे संसार उघड्यावर आणणे. ते पाऊल सर्वांत शेवटी उचलले जाई. त्यावरूनच त्या लाकडाची घरातील जागा कळते.

मग धरणांचा काळ आला. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. नाथसागराच्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावांच्या जमिनी व घरे गेली. धरणग्रस्त गाव उठते तेव्हा भिंती तेथेच राहतात. माणूस बरोबर नेतो ते देव, धान्य, जनावरे आणि घराचे लाकूड. नव्या गावठाणातील पत्र्याच्या घरांना कोरीव चौकटी दिसतात, त्या अशा उठलेल्या गावांच्या खुणा होत.

सागवानाचे आयुष्य किती, ह्याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानींच्या फासळ्या आहेत; सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या त्या फासळ्या आजही तेथेच दिसतात. समुद्रावरचा दाखला मुंबईचा. वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी ह्यांनी मलबारच्या सागवानातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून उभी आहे. दोन शतके खारे पाणी आणि वारा सोसलेले लाकूड जर टिकते, तर कोरड्या मराठवाड्यातील ओसरीच्या तुळईचे वय शंभर वर्षे झाले म्हणून ती म्हातारी ठरवण्याचे कारण नाही.

लाकूड पुढे देण्याची रीत केवळ गरजेतून येते, असेही नाही. जपानमधील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते. शेवटची पुनर्बांधणी २०१३ मध्ये झाली. उतरवलेले लाकूड तेथे देशभरातील इतर देवस्थानांना वाटून दिले जाते. ज्या समाजाला लाकडाची किंमत कळते, तो समाज ते वारशाप्रमाणे वागवतो. मग तो जपानचा असो वा गोदाकाठचा.

तीस सप्टेंबरची पहाट

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे नुकतीच निजली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. बावन्न गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. राणीसावरगाव किल्लारीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच आहे. त्या रात्रीनंतर संबंध मराठवाड्यात माळवदाखाली निजण्याची भीती बसली, आणि ती भीती अनाठायी होती असे कोण म्हणेल?

परंतु माणसे कशाने मेली, हे नीट समजून घेतले पाहिजे. नंतर ज्या अभियंत्यांनी तेथील घरांची पाहणी केली, त्यांचे निष्कर्ष बोलके आहेत. जाड भिंतींत दगडांची दोन तोंडे वेगवेगळी रचलेली होती. त्यांना एकत्र बांधणारे आडवे दगड नव्हते. मधली माती केवळ भरावाची. धक्का बसताच ह्या भिंती फुटून ढासळल्या. वर पिढ्यान्पिढ्या दर वर्षी टाकलेली पांढरी माती साचून छपराचे ओझे प्रचंड झाले होते. ते खाली आले. ह्याउलट, जेथे खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता आणि छप्पर भिंतीवर नव्हे, खांबांवर पेललेले होते, तेथे भिंती कोसळूनही छप्पर उभे राहिल्याची उदाहरणे आढळली. म्हणजे अपराध भिंतीच्या बांधणीचा आणि मातीच्या ओझ्याचा. लाकडाने अनेक ठिकाणी माणसे वाचवली.

शिक्षा मात्र लाकडालाही झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात नवी गावे उभी राहिली, दीड लाखाहून अधिक नुकसानग्रस्त घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. हे कार्य मोठेच होते. पण लोकमानसात एक समीकरण पक्के झाले : माळवद म्हणजे मरण, स्लॅब म्हणजे जीवन. ह्या समीकरणात तुळई माळवदाच्या बाजूला गेली. घरकुले झाली, कर्जे काढून स्लॅब पडले, आणि उतरवलेल्या तुळया भिंतीशी पावसात भिजत राहिल्या. काही कुटुंबांनी त्या नव्या घरामागच्या स्वयंपाकाच्या छपराला लावल्या. बाकीच्यांच्या दारी गिऱ्हाईक आले.

वखारीची वाट

हे गिऱ्हाईक शहरातील असते. जुना साग मुंबईच्या जोगेश्वरीतील ओशिवरा बाजारात, पुण्याच्या वखारींत आणि त्याहून दूर जातो. तेथे तुळई चिरून तिचे टेबल होते, चौकटीत आरसा बसतो, बैलगाडीचे चाक दिवाणखान्याची शोभा होते. दक्षिणेत तमिळनाडूतील कारैकुडी येथे चेट्टियार घराण्यांच्या वाड्यांतील ब्रह्मी सागाचे असेच झाले. खांब आणि दारे तेथील बाजारात उभी राहिली. ह्या व्यापाराला आम्ही सरसकट दोष देत नाही. वखारवाला नसता तर कित्येक तुळया भट्टीत गेल्या असत्या. आमची खंत वेगळी आहे. गावाकडील कुटुंब हे लाकूड सरपणाच्या किंवा भंगाराच्या भावाने देते, कारण आपल्याजवळ काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि त्याच कुटुंबात मुलीच्या लग्नासाठी भुशाच्या दाबलेल्या पत्र्याचे कपाट हप्त्याने विकत आणले जाते. ते दोन पावसाळ्यांत फुगते. शंभर वर्षांचा साग दारातून बाहेर जातो आणि दोन वर्षांचा भुसा आत येतो. हा व्यवहार कोणत्या शहाणपणाचा?

जतन करणाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल उतरवून आणून पुन्हा उभारला आहे. तेथील कोरीव दारे पाहिली की महाराष्ट्रातील सुतारांच्या हाताची ओळख पटते. चेन्नईजवळ १९९६ मध्ये सुरू झालेल्या दक्षिणचित्र येथे दक्षिणेतील जुनी घरे मूळ लाकडासह पुन्हा मांडली आहेत. परंतु संग्रहालये किती तुळया सांभाळणार? उरलेल्या आपल्याच घरांनी सांभाळावयाच्या आहेत.

पारख आणि मशागत

म्हणून आता थोडे व्यवहाराचे बोलू. सुतारांकडून जे शिकावयास मिळते आणि लाकडाचे शास्त्र जे सांगते, ते येथे एकत्र देत आहोत.

प्रथम पारख. तुळईला हातोडीने ठोकावे. निरोगी लाकूड खणखणीत आवाज देते, पोखरलेले बद्द वाजते. अणकुचीदार टोच्या ठिकठिकाणी दाबून पाहावा. तुळईचे टोक भिंतीत पुरलेले असते, तेथेच ओल आणि वाळवी पोहोचते. तेवढा भाग बिनदिक्कत कापून टाकावा. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात, म्हणून वाळवी गाभ्यापेक्षा बाहेरच्या फिकट थरावर आधी तुटून पडते. एक कड तासून वास घ्यावा; जुन्या सागाला कमावलेल्या चामड्यासारखा तेलकट दर्प असतो. रानात सावकाश वाढलेल्या जुन्या सागाची वर्षवलये दाट असतात. झटपट वाढवलेल्या आजच्या लागवडीच्या सागात ती बहुधा विरळ दिसतात. ताजा, पिठासारखा भुगा गळत असेल तर कीड जिवंत आहे असे समजून त्या लाकडाला बोरॅक्स व बोरिक ऍसिडचे द्रावण द्यावे आणि तोवर ते घरात घेऊ नये.

विकत घेणाऱ्याने पावती घ्यावी. सागवानाची वाहतूक वनखात्याच्या नियमांत येते. दुसऱ्या गावी लाकूड न्यावयाचे तर आधी वनखात्याच्या कचेरीत चौकशी करावी. शंभर वर्षांहून जुन्या कोरीव वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूविषयक कायदा लागू होऊ शकतो. अशा वस्तू परवान्याशिवाय परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातील मुलासाठी आजोबांची गणेशपट्टी किंवा क्रूस कोरलेले दार पाठवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. रेल्वेचे जुने स्लीपर स्वस्त मिळाले तरी घरात वापरू नयेत. त्यांतील अनेकांना डांबरापासून काढलेले विषारी तेल पाजलेले असते.

मग मशागत. माती कोरड्या कुंचल्याने झाडावी. चुलीचा धूर बसलेली कडी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुन:पुन्हा पुसावी. एकूण एक खिळा काढावा आणि लोहचुंबक फिरवून खात्री करावी. आत राहिलेला एक खिळा करवतीचे पाते मोडतो आणि हातही. जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव मोठा. भारतात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. असा रंग ओला करून खरवडावा, नाकातोंडाला फडके नव्हे तर योग्य मुखपट्टी लावावी आणि मुलांना दूर ठेवावे.

तुळई चिरल्यावर लगेच जोडकाम करू नये. शंभर वर्षे एका आकारात राहिलेले लाकूड चिरले की आतील ताण मोकळा होतो आणि फळी वाकते. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वारा खेळेल अशा रीतीने त्या काही आठवडे रचून ठेवाव्यात. नंतर रंधा, मग पॉलिशपेपर : आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०. खिळ्यांची भोके त्याच लाकडाचा भुसा आणि सरस कालवून भरावीत. काही भोके तशीच ठेवली तरी शोभतात.

शेवटचा हात तेलाचा. आपल्या मराठवाड्याचे जवस येथे कामी येते. कच्चे जवसाचे तेल सावकाश सुकते. बाजारात मिळणारे उकळलेले बेलतेल लवकर सुकते. पातळ हात द्यावा, पाऊण तासाने उरलेले तेल पुसून काढावे, पूर्ण सुकू द्यावे; असे तीन-चार हात. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात; पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. चकाकी हवी असल्यास स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे पॉलिश कापसाच्या बोळ्याने चढवावे. मात्र साग मुळात तेलकट असल्याने त्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्यावा. ज्या टेबलावर गरम भांडी ठेवावयाची, त्याला चपडा देऊ नये. उष्णतेने डाग पडतात.

एका तुळईतून काय होते? घरातल्या आल्ताराची फळी, अभ्यासाचे टेबल, ओटीवरचा बाक, पुस्तकांची मांडणी. हे काम गावच्या सुताराला द्यावे. त्याच्या हाताला काम नाही म्हणून तो शहराच्या रस्त्याला लागला आहे. नाझरेथच्या एका घरात हाच धंदा होता, ह्याची आठवण आपल्याला वेगळी करून द्यावयास नको.

तुळईची नोंद

आम्ही कोणालाही माळवदाखाली परत जाण्यास सांगत नाही. १९९३ च्या पहाटेचा धडा रक्ताने लिहिलेला आहे आणि तो विसरणे हे पाप ठरेल. मातीचे ओझे उतरले, हे चांगलेच झाले. पण ओझे उतरवताना आधारही फेकून देणे हा त्या धड्याचा अर्थ नव्हे.

आपल्या पुष्कळ कुटुंबांजवळ जुने कागद नाहीत. सनदा, बखरी, वंशावळी ह्या वाड्यांतल्या लोकांच्या. गरिबाच्या घराण्याचा पुरावा म्हणजे त्याची तुळई : कोणी आणली, कोणत्या दुष्काळात ती विकण्याची वेळ आली आणि तरी विकली नाही, कोणत्या वाटणीत ती कोणाकडे गेली. हे सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे. म्हणून तुळई उतरवण्याआधी घरातील वृद्धांना तिच्याजवळ बसवावे, ते सांगतील ते वहीत लिहून घ्यावे, आणि फळीच्या मागच्या बाजूस, जेथे पॉलिश चढत नाही तेथे, घराण्याचे नाव, गाव व साल कोरून ठेवावे. पुढे ती फळी कोणाच्याही घरी गेली तरी आपण कोठून आलो, हे ती सांगू शकेल.